निळूभाऊंना जरा वाड्यावरून खाली आणा

निळू फुले म्हटलं की आजच्या पोरांना काय आठवतं? वाड्यावरचं मीम. कुणी पुढारी बाईमाणसाशी चार शब्द बोलताना फोटोत दिसला, की खाली निळूभाऊंचा चेहरा चिकटवलाच म्हणून समजा. हसायला हरकत नाही, मीही हसतो. पण चाळीस-पन्नास वर्षं काम केलेल्या नटाचं आपण एवढंच शिल्लक ठेवलंय, याचं वाईट वाटतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

हा माणूस वाड्यातून आलेला नव्हता, आला होता राष्ट्र सेवा दलातून. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करायचा. महिना ऐंशी रुपये पगार आणि त्यातले दहा सेवा दलाला, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. अभिनयाची शाळा म्हणाल तर सेवा दलाचं कलापथक. त्या काळी समाजवाद्यांना कळलं होतं की भाषणाला लोक जांभया देतात, वगाला रात्रभर बसतात. पुलंच्या 'पुढारी पाहिजे'त रोंगेची भूमिका करताना निळूभाऊ लोकांच्या नजरेत भरले. पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्यानं त्यांना गावोगाव नेलं. तिथेच अनंत माने यांनी त्यांना हेरलं आणि 1968 साली 'एक गाव बारा भानगडी'मध्ये झेलेअण्णा उभा राहिला.

आता हे साल जरा लक्षात घ्या. 1960 साली महाराष्ट्र राज्य झालं, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने फोफावत होते. सरपंच, चेअरमन, सभापती ही माणसं गावात नव्यानं मोठी होत होती. जुना पाटील आणि जुना सावकार लोकांना ठाऊक होता. पण हा नवा माणूस गोड बोलतो, पाठीवर हात ठेवतो, सोसायटीचं कर्ज मंजूर करतो आणि त्याच हातानं अडवतोही. त्याचं चित्र कुणीतरी काढायला हवं होतं. पुस्तकांतून ते नंतर आलं. पडद्यावर आणि रंगमंचावर ते निळूभाऊंनी काढलं, आणि तेही न ओरडता. तो घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज, तिरकी नजर, वाक्याच्या मध्येच घेतलेला दम. तोवरचा मराठी खलनायक डोळे वटारायचा. यांना डोळे वटारायची गरजच पडली नाही, कारण ज्याच्या हातात सत्ता आहे तो कशाला ओरडेल?

माझ्या मते हे त्यांना जमलं, कारण ते या माणसांना विरुद्ध बाजूनं, चळवळीतून बघत आले होते. वगात ज्याची टिंगल केली, त्यालाच पुढे गंभीरपणे उभं केलं. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील बघा. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा सिनेमा. साखरसम्राट हिंदुराव एका दारुड्या गांधीवादी मास्तरला आपल्या वाड्यावर घेऊन येतो, आणि तोच मास्तर मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं याच्या मागे लागतो. मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. वाडा आहे तो इथे, आणि या वाड्याचा मीमशी काडीचा संबंध नाही.

सिनेमात खलनायकाचा शिक्का बसत होता, तेव्हा नाटकात मात्र वेगळंच चाललं होतं. 1972 साली तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' आला. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग, आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा सखाराम निळूभाऊ. वगातला नट शहरी मध्यमवर्गाच्या नाट्यगृहात येऊन त्यांच्याच लग्नसंस्थेवर बोट ठेवतोय, हे अनेकांना झेपलं नाही. परिनिरीक्षण मंडळानं अडवलं, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. (ते मंडळ अजूनही आहे बरं का. मराठी नाटकाची संहिता आजही आधी तपासून घ्यावी लागते. यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

आणि 'सूर्यास्त'. जयवंत दळवींचं नाटक. म्हातारा स्वातंत्र्यसैनिक आप्पाजी आणि मुख्यमंत्री झालेला त्याचा मुलगा. निळूभाऊ आप्पाजी. म्हणजे पडद्यावर ज्या सत्तेचा चेहरा झाले, तिलाच रंगमंचावर बाप होऊन जाब विचारत होते. 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीसही त्यांचाच. हे सगळं एकाच नटाच्या खात्यावर जमा आहे.

आता पैशाचं. ऐंशीच्या दशकात प्रश्न आला की पूर्णवेळ कार्यकर्त्यानं जगायचं कशावर? चळवळीत राबणाऱ्याच्या घरीही चूल पेटावी लागते. त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी 'सामना'तले हिंदुराव आणि मास्तर एकत्र आले, सोबत तनुजा, रोहिणी हट्टंगडी, सदाशिव अमरापूरकर. अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन ही मंडळी महाराष्ट्रभर फिरली. प्रयोगाचे पैसे निधीत, आणि निधीतून कार्यकर्त्यांना मानधन. सरकारी अनुदान नाही, कंपनीचा फंड नाही. विनोदी नाटकाची तिकिटं विकून कार्यकर्ते जगवले. आज मोर्च्याला पाठिंब्याची एक ओळ टाकायची तरी आपले नट आधी पुढच्या सिनेमाची तारीख बघतात. नावं घेत नाही, तुम्हीच आठवा.

'एक गाव एक पाणवठा' असो की अंधश्रद्धा निर्मूलन, जिथे बोलावलं तिथे निळूभाऊ जायचे. 1991 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात गेले. त्याच वर्षी आलेला त्यांचा शेवटचा सिनेमा, 'गोष्ट छोटी डोंगराएवढी', शेतकरी आत्महत्यांवरचा होता. ज्या खेड्यातल्या चेअरमनपासून पडद्यावरचं काम सुरू झालं, त्याच खेड्यातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यापाशी ते थांबलं.