साथीच्या काळातील स्त्री : इज्जत आणि सेहत

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि सरकारला व्यापक अधिकार मिळाले. घरोघर झडत्या सुरू झाल्या. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते, म्हणून तपासणीही तिथेच होई. पुरुषाला तो अपमान वाटे. पर्द्यात वाढलेल्या बाईला मात्र मरणाहून मरण वाटे. पुण्यात तर हे काम गोऱ्या शिपायांवर सोपविले गेले.

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. एका आजारी मुलाला उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, ९ मार्च १८९८ रोजी, मुंबईच्या मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला न्यायला आलेल्या पथकाला मोमीन विणकरांनी अडविले. दंगल उसळली, गोळीबार झाला.

ताऊन पसरलेल्या मुलुखात जाऊ नये आणि तेथे असल्यास बाहेर पडू नये, ही हुजूर (स.) यांची शिकवण आहे. त्यामुळे रोग्याला वेगळे ठेवणे मुसलमानांना परके नव्हते. परकी होती ती जबरदस्ती. विणकरांचा संताप समजण्यासारखा आहे. पण त्या मुलीला काय हवे होते, हे कोणी विचारले का? इतिहासात दंगलीची तारीख आहे, तिचा आवाज नाही. इज्जतीच्या भीतीने रोगी माळ्यावर, कोठीत लपविले जात. लपविलेल्या बाईला दवा मिळत नसे आणि तिच्या उशाशी बसणारीही धोक्यात येई.

१९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला. या वेळी झडत्या नव्हत्या, शिपाई नव्हते. तरीही भारतात पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक प्रमाणात दगावल्या. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते. सर्वांना वाढून उरेल ते खाणारी आणि घरभर तीमारदारी करणारी बाई आधीच अशक्त होती. तिचा घात उंबऱ्याबाहेरच्या कोणी केला नाही. तो घरातल्या रीतीने केला.

प्लेगच्या काळात स्त्रियांची तपासणी स्त्रियांनीच करावी, अशी मागणी झाली. मागणी रास्तच होती. पण स्त्री डॉक्टर आभाळातून पडत नाही. ती कुणाची तरी लेक असते. मुंबईत १८८६ पासून कामा हॉस्पिटलात स्त्री डॉक्टर काम करीत होत्या. त्यांच्यासारखी आपली लेक व्हावी, असे आपल्या मोहल्ल्यांतून किती घरांना वाटले?

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा दारोदार फिरणाऱ्या आशा सेविका स्त्रियाच होत्या. उर्दू शाळेत शिकवताना मला दरवर्षी दिसते, की हुशार मुलीची शाळा सोडविण्यासाठी घरच्यांना इज्जतीचेच कारण पुरते. मदनपुऱ्याच्या त्या मुलीसाठी दगड उचलणारे हात पुष्कळ होते. तिची नाडी पाहणारा आपल्यातल्या बाईचा हात मात्र नव्हता.