जालन्याचा माळ: जंगल नसलेल्या जिल्ह्यातले प्राणी

या वेळचा एपिसोड वन्यप्राण्यांच्या इतिहासावर आहे म्हटल्यावर एका मित्राने लगेच विचारलं, "ताडोबा का रे?" मी म्हटलं, जालना. तो हसला.

त्याचंही चुकलं नाही. जालना म्हटलं की आपल्याला स्टील आठवतं, बियाणं आठवतं, मोसंबी आठवते. जिल्हा साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठा, आणि त्यात जंगल जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. राज्यातल्या सगळ्यात कमी जंगलाच्या जिल्ह्यांत याचं नाव येतं. मग इथे प्राणी कुठून आले? तर ते माळावरचे. जंगल तुटलं म्हणून माळ झाला, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलंय. मला ही समजूत खटकते, कारण पुढचे सगळे घोळ तिच्यातूनच झालेत.

माळ ही स्वतंत्र जागा आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला बेताचा पाऊस, काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर. अशा जमिनीत दाट झाडी धरत नाही, गवत धरतं. पवन्या, मारवेल, कुसळी. मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुनं मराठी साहित्य, ओव्या, लोककथा चाळून त्यातल्या वनस्पतींची नावं काढली. त्यांचा अभ्यास पश्चिम महाराष्ट्राचा आहे, पण निष्कर्ष आपल्याही कामाचा: तिथला माळ किमान साडेसातशे वर्षं माळच आहे. म्हणजे इंग्रजांनी झाडं तोडली आणि मग तो उघडा पडला, असं झालेलं नाही.

आता या गवतात कोण कसं राहतं ते बघा. बिल्डिंगमध्ये जसे मजले असतात ना, तशी इथे गवताची उंची असते. काळविटाला आखूड गवत लागतं. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. लांडगा लांबून दिसला पाहिजे आणि धावायला मोकळं रान पाहिजे. त्याला दाट जंगलात नेऊन सोडणं म्हणजे त्याची दोन्ही हत्यारं काढून घेणं. पाडसाला मात्र पहिले काही दिवस पळता येत नाही, म्हणून आई त्याला गवतात दडवते आणि ते हूं की चूं न करता पडून राहतं. तणमोराला उंच गवत लागतं. पावसाळ्यात नर त्या गवताच्या वर उड्या मारून मादीला आपला पत्ता देतो, दिवसातून शेकडो वेळा. माळढोक मीटरभर उंचीचा पक्षी, त्याला उघडं रान आणि झुडपं दोन्ही हवं. मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एका गुराचा पाय पडला तरी तिचं वर्ष वाया.

आणि चित्ता. बिबट्या नव्हे, चित्ता. दख्खनच्या माळावर तो होता.

इथे जालन्याचा एक पाहुणा आठवतो. अकबराचा इतिहासकार अबुल फजल दख्खनच्या मोहिमेवर आला तेव्हा काही काळ जालन्यात राहिला होता. त्याच्या 'ऐन-इ-अकबरी'त चित्त्यांवर मोठा मजकूर आहे. खड्डे खणून ते कसे पकडायचे, आधी खोल खड्ड्यांत पडून त्यांचे पाय कसे मोडायचे, म्हणून अकबराने खड्डे उथळ कसे करायला लावले. पूर्वी चित्ता शिकवायला दोन-तीन महिने लागत, ते काम अठरा दिवसांवर आणलं. समंद माणिक नावाचा एक लाडका चित्ता तर पालखीसारख्या चौडोलातून जायचा, पुढे नगारा वाजायचा. काय थाट!

पण या थाटामागे एक गोष्ट आहे. पाळलेला चित्ता सहजी पिल्लं देत नाही. मुघलांच्या काळातली अशी एकच वीण नोंदलेली आहे, जहांगीरने लिहिलेली. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता माळावरून धरून आणलेला. पिढ्यानपिढ्या फक्त काढत राहायचं, परत काही टाकायचं नाही. १९४७ मध्ये कोरियाच्या राजाने शेवटचे तीन मारले ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ओहोटी त्याच्या कितीतरी आधी लागली होती.

दुसरा पाहुणा मला जास्त जवळचा वाटतो. टॉमस जर्डन. ईस्ट इंडिया कंपनीचा असिस्टंट सर्जन, वय पंचविशीतलं. दुसऱ्या मद्रास लाइट कॅव्हलरीबरोबर १८३७ नंतर तो निजामाच्या मुलखातल्या जालन्याच्या छावणीत आला. काम सैनिकांच्या तापाचं आणि हगवणीचं, जीव मात्र पाखरांत. आधी गोळा केलेले नमुने ओळखण्यासाठी त्याने स्कॉटलंडला पाठवले होते, तर पोचेपर्यंत कसर लागून गेले. मग पठ्ठ्याने ठरवलं की आपणच ओळखायचं. १८३९-४० मध्ये मद्रासच्या नियतकालिकात त्याची यादी छापून आली, ४२० जातींची. कर्नल साइक्सच्या आधीच्या यादीच्या जवळपास दुप्पट.

पुढे १८६२-६४ मध्ये आलेल्या 'बर्ड्स ऑफ इंडिया'त तो लिहितो की पंचवीस आणि त्याहून जास्त माळढोकांचे थवे त्याने पाहिलेत. पावसाळ्यात ते दख्खनच्या उंचसखल माळांवर फिरतात, उन्हाच्या वेळी उंच गवतात शिरून नाकतोडे खातात. त्या इंग्रजी मजकुरात एक शब्द येतो: 'रमणा'. म्हणजे राखलेलं गवताचं रान. तो थेट आपल्या बोलण्यातून त्याच्या पुस्तकात गेलाय.

एका नजरेत पंचवीस! आज जगात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत. १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात लोकांची शेतं, गावं, सगळंच आलं. लोक वैतागले, आणि नंतर ते बाराशेच्या आसपास आणलं गेलं. आता तिथे एखादा दिसला तरी बातमी होते.

मग जालन्याच्या माळाचं काय झालं? कुणी एकाने खाल्ला नाही तो. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यातून आली आणि कापसाला बाजार जवळ झाला. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवालेंनी इथेच महिको काढली. जायकवाडीचा डावा कालवा अंबड-घनसावंगीकडे गेला. याने माणसांची पोटं भरली, हे मी नाकारणार नाही. महसुली कागदांत माळाला शब्द होता 'पडीक'. पडीक म्हटलं की त्यावर काहीतरी करायलाच पाहिजे असं होतं.

उरलं गायरान. ते कसायला घेतलं ते बहुतेक भूमिहीनांनी, दलित कुटुंबांनी. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाचा वारसा आहे त्याला, आणि १९९१ मध्ये सरकारने १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. त्यामुळे "गायरानावर अतिक्रमण झालं, प्राण्यांची जागा गेली" असं कुणी झटकन म्हटलं की मला राग येतो. ज्याच्याकडे एक एकरही नव्हतं त्याला माळढोकाचा हिशोब विचारायचा, आणि मोठ्या प्रकल्पाला तीच सरकारी जमीन देताना कुणालाच काही विचारायचं नाही?

काळवीट मात्र टिकलं. मराठवाड्यात आजही कळप दिसतात, कारण ते आपलं पीक खायला शिकलं. सोयाबीन, हरभरा नुकता उगवला की कळप रात्रीत शेंडे खुडून जातो. भरपाई मिळते, पण पंचनामा, अर्ज, खेटे. रात्रभर बॅटरी घेऊन बांधावर बसलेल्या शेतकऱ्याला "किती सुंदर प्राणी आहे" असं सांगून बघा! आणि त्या काळविटाच्या वाटेत आता समृद्धी महामार्ग आहे. त्याखालून प्राण्यांसाठी वाटा ठेवल्यात. उघड्यावर लांबवर बघत जगणारा प्राणी त्या बोगद्यात किती खुशीने शिरतो, हे बघायला मला आवडेल.

लांडगा आणि धनगर यांचं जुनं वैर, आणि त्या वैरातला समजूतदारपणा, यावर पुढचा एपिसोड. तोवर एक काम करा. तुमच्या गावात रमणा, कुरण किंवा राखण अशा नावाचं रान असेल, आणि आता तिथे भलतंच काही असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एक व्हॉइस नोट पाठवा. तिथे कोणता प्राणी दिसायचा, एवढं नक्की विचारा.