गोचिडीच्या पोटातले गुपित

दिवाळीच्या फराळापुढे गोचिडीची गोष्ट काढली, तर घरातली मंडळी नाक मुरडतील. पण ज्याच्या दारात कुत्रा आणि गोठ्यात गाय, त्याची नि गोचिडीची ओळख जुनीच. कुत्र्याच्या कानामागून तिला ओढून काढावी, रॉकेलात टाकावी, की झाले! तिच्या पोटात रक्ताखेरीज आणखी काही असेल, अशी शंका आपल्या आजोबांना कशाला यावी?

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील सोराब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात वानरे आणि माकडे पटापट मरून पडू लागली. पाठोपाठ रानात लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणली. डोके ठणके, अंग मोडून येई, कुणाच्या नाकातोंडातून रक्त येई. दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात तीन ते पाच. माकडे मरतात आणि माणसेही, हे ऐकून जाणत्यांच्या पोटात गोळा आला. आफ्रिका-अमेरिकेतला पीतज्वर असाच येतो, आणि हिंदुस्थानात तो कधी आलेला नव्हता.

पुण्यात १९५२ साली विषाणु-संशोधन केंद्र निघाले होते. तेथील डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी रानात पोहोचले. मेलेल्या माकडांतून आणि रोग्यांच्या रक्तातून विषाणू हाती लागला. पण तो पीतज्वराचा नव्हे. त्याचे सख्खे नातेवाईक निघाले थेट रशियाच्या अरण्यांत, आणि त्यांना वाहून नेणाऱ्या होत्या गोचिडी!

मग रानाच्या जमिनीवरून पांढरी कापडे ओढण्याचे काम सुरू झाले. कापडाला चिकटलेल्या गोचिडी वेचायच्या, जात ओळखायची आणि तपासायच्या. गोचीड अंड्यातून निघाल्यावर वाढीच्या प्रत्येक अवस्थेत एकदाच पोटभर रक्त पिते. पिलाच्या पोटी गेलेला विषाणू कात टाकल्यावरही तिच्यात टिकतो. मधल्या वयातली, खसखशीएवढी गोचीड माणसाला डसते, तीच घातक. मेलेल्या माकडावरून उतरलेल्या गोचिडी तिथल्या पाचोळ्यात नव्या रक्ताची वाट पाहत बसतात.

हे १९५७ सालीच का घडले? केंद्रातले डॉ. होर्हे बोशेल यांनी त्याचे कारण रानापेक्षा माणसात शोधले. वस्ती वाढली, जंगल तुटले, गुरे रानात चरू लागली. गुरांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसल्या आणि त्यांची पिलावळ बेसुमार वाढली. विषाणू बहुधा आधीपासूनच रानात होता. त्याच्याकडे जाणारी वाट आपण रुंद केली.

हे ज्ञान फुकट मिळाले नाही. विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतल्या कित्येकांना त्याच तापाने गाठले. बरे होऊन ती माणसे पुन्हा कामाला लागली. पुढे हा ‘माकडताप’ उत्तरेकडे सरकला. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या दोडामार्गात, काजूच्या बागांत राबणाऱ्यांपर्यंत तो येऊन ठेपला.

आपल्या कुत्र्याच्या कानातली तपकिरी गोचीड निराळ्या जातीची. तिच्यावर या तापाचा आळ नको. पण रानातून आल्यावर अंग आणि कपडे एकदा निरखून पाहावेत. आणि माकड मेलेले दिसले, तर हात न लावता डॉक्टरांना कळवावे. त्या मुक्या जिवाचे मरण ही माणसाला मिळालेली पहिली सूचना असते.