दगडातली तुळई

रोमच्या वायव्येला सुमारे ४५ किलोमीटरवर चेर्वेतेरी नावाचे गाव आहे. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात ते नव्हते. कोलोसियम, व्हॅटिकन आणि शेवटचा एक दिवस खरेदीसाठी मोकळा, असा बेत होता. त्या मोकळ्या दिवशी मी एकटाच आधी रेल्वेने आणि मग बसने तिकडे गेलो. ज्या लोकांविषयी पंधरा-सोळा वर्षे हाती लागेल ते वाचत आलो, त्या एट्रुस्कनांची बांदिताच्चा ही दफनभूमी तिथे आहे. उंच सरूची झाडे, गवताने झाकलेली गोल टेकाडे आणि त्यांच्यामधून खडकात कोरून काढलेले रस्ते. रस्त्यांवर गाड्यांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. मेलेल्यांच्या वस्तीत एवढी वर्दळ असावी, याचेच आधी नवल वाटले.

एका टेकाडाच्या पोटातल्या थडग्यात पायऱ्या उतरून गेलो. आत गारवा, ओल्या मातीचा वास. एक मोठी खोली, तिच्या मागे आणखी खोल्या, दारांना नीट चौकटी. डोळे अंधाराला सरावल्यावर छताकडे लक्ष गेले. मधोमध आढ्याची जाड तुळई आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे. सगळे एकसंध खडकात कोरलेले. त्या तुळईची वरच्या खडकाला काहीही गरज नाही. ती तासून टाकली तरी छत पडणार नाही. मग कोणी छिन्नी घेऊन ती कोरण्याचे कष्ट का घेतले? घराला आढे असते म्हणून. एट्रुस्कन वास्तुकला समजून घ्यायची तर मंदिरांपासून नव्हे, या काहीही न पेलणाऱ्या तुळईपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

ज्यांना हे नावच नवे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इटलीच्या पश्चिम भागात, आर्नो आणि टायबर या नद्यांच्या दरम्यान हे लोक राहत. स्वतःला ते रासेन्ना म्हणत. ग्रीकांनी त्यांना दिलेले नाव शेजारच्या तिऱ्हेनियन समुद्राला चिकटले, आणि रोमनांनी दिलेल्या नावावरून आजचे तोस्काना झाले. इ.स.पू. आठव्या शतकापासून वेई, तार्क्वीनिया, वुल्ची, चेर्वेतेरी अशी त्यांची नगरे भरभराटीला आली. लोखंड आणि तांबे हे त्या श्रीमंतीचे मूळ. एकछत्री राज्य मात्र कधी झाले नाही. प्रत्येक नगर आपापल्या तोऱ्यात. इ.स.पू. ३९६ मध्ये रोमने वेई घेतले आणि पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बाकीची नगरेही एकामागून एक गिळली.

हे मूळचे कुठले, हा वाद दोन हजार वर्षांहून जुना. लिडियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, अठरा वर्षे दुष्काळ पडला आणि निम्मे लोक जहाजांत बसून निघाले, तेच हे, असे हिरोडोटस सांगतो. हॅलिकार्नाससचा डायोनिसियस म्हणतो, छे, हे तिथलेच. २०२१ मध्ये मध्य आणि दक्षिण इटलीतल्या ८२ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि डायोनिसियसचे पारडे जड झाले. एट्रुस्कन आणि शेजारचे लॅटिन वंशाने जवळपास सारखेच निघाले. भाषा तेवढी अगदी वेगळी. लॅटिन किंवा ग्रीकशी तिचे नाते नाही. लिपी ग्रीकांकडून घेतलेली असल्यामुळे अक्षरे सगळी वाचता येतात, अर्थ मात्र थोडाच लागतो. म्हणून ‘गूढ एट्रुस्कन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मला तो आवडत नाही. गूढ असे त्यांच्यात काही नव्हते. ते टिकाऊ वस्तूंत राहिले नाहीत आणि टिकाऊ वस्तूंवर फारसे लिहीत बसले नाहीत, एवढेच.

त्यांची घरे सुरू झाली ती झोपडीपासून. लाकडी खांब, कुडाच्या भिंती, वर गवत. इ.स.पू. सातव्या शतकात कौले आली. कौल ही बाब क्षुल्लक वाटते, पण कौलारू छप्पर जड असते. कुडाची भिंत आणि वेडावाकडा खांब ते पेलत नाहीत. गोल झोपडीवर सपाट कौले धड बसत नाहीत, म्हणून घर चौकोनी करावे लागते. मग दगडाचे जोते, त्यावर कच्च्या विटांची भिंत, तासून चौरस केलेली तुळई, आणि पावसाने भिंत विरघळू नये म्हणून पुढे काढलेली पाखी. एका कौलामागे सुतार, कुंभार आणि गवंडी असे तीन धंदे उभे राहिले. सिएनाजवळच्या मुर्लो येथे १९६६ पासून उत्खनन चालू आहे. तिथे सुमारे ६० मीटर बाजूची, मधे अंगण असलेली एक चौसोपी इमारत सापडली. तिच्या आढ्यावर भाजक्या मातीच्या माणसांच्या रांगा बसवलेल्या होत्या, डोक्यावर रुंद काठाच्या टोप्या. ती टोपी पाहून लोकांना अमेरिकन काउबॉय आठवतात, आणि त्यात लोकांची चूक नाही. आक्वारोस्सा येथे स्वीडिश संशोधकांनी साधी घरे उजेडात आणली. स्वीडनचा राजा गुस्ताफ सहावा अडॉल्फ त्या उत्खननात स्वतः भाग घेत असे. रोमन घराचे वैशिष्ट्य म्हणून ज्याचे कौतुक होते ते आत्रिउम, म्हणजे वर उघडा असलेला मधला चौक, एट्रुस्कनांकडून आले असे खुद्द रोमन पंडित व्हारोचे म्हणणे आहे. ज्यांनी जुन्या वाड्यातल्या चौकात पावसाच्या पागोळ्या पडताना पाहिल्या आहेत, त्यांना वेगळे चित्र काढून दाखवायला नको.

देवांची घरेही याच मालमसाल्याची. व्हित्रुव्हियसने इ.स.पू. पहिल्या शतकात तुस्कन मंदिराचे माप लिहून ठेवले आहे. लांबीचे सहा भाग केले तर रुंदी पाच. मागच्या अर्ध्यात शेजारीशेजारी तीन गाभारे, पुढच्या अर्ध्यात खांबांचा खोल मंडप. ग्रीक मंदिराला चारी बाजूंनी पायऱ्या. हे मात्र उंच जोत्यावर, फक्त समोरून चढायचे. अशा ऐसपैस खांबांच्या मंदिरांना व्हित्रुव्हियस बुटकी, रुंद आणि डोईजड म्हणतो. डोईजड होतीच ती, कारण सगळा थाट छपरावर. वेईच्या पोर्तोनाच्चो मंदिराच्या आढ्यावर भाजक्या मातीचे, रंगवलेले, माणसाएवढे देव चालत होते. त्यांतला अपोलो १९१६ मध्ये सापडला. तो आता रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. पाऊल पुढे टाकलेले, ओठांवर किंचित हसू. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो आणि मनात एकच विचार, की हे एवढे भट्टीत भाजले कसे, तडकले कसे नाही! रोमच्या कॅपिटोल टेकडीवरच्या ज्युपिटरच्या मंदिरातली मूर्ती घडवायला वेईच्या वुल्का नावाच्या कारागिराला बोलावले होते, असे प्लिनी सांगतो. त्या मंदिराच्या लोकार्पणाचे परंपरेने मानलेले वर्ष इ.स.पू. ५०९. इ.स.पू. ८३ मध्ये ते जळाले. त्याच्या जोत्याच्या दगडी भिंती कॅपिटोलाइन संग्रहालयात आजही दिसतात, आणि बहुतेक एट्रुस्कन मंदिरांची हीच गत आहे. जोते उरले, कौलांचे तुकडे उरले, मधले सगळे माती झाले.

थडगी उरली, कारण ती तुफो नावाच्या दगडात खोदली. ज्वालामुखीच्या राखेचा हा दगड कोरताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. चेर्वेतेरीत नुसते एका थडग्यातून दुसऱ्यात गेले तरी दोन-तीनशे वर्षांच्या गृहबांधणीचा इतिहास डोळ्यांखालून जातो. सर्वांत जुन्यांपैकी एकाला झोपडीचे थडगे म्हणतात. त्याचे छत गवती छपरासारखे उतरते. पुढे चौकोनी खोल्या येतात, मग आढी आणि वासे. सहाव्या शतकातल्या ढाली आणि खुर्च्यांच्या थडग्यात दगडी आरामखुर्च्या आहेत, पाय ठेवायच्या चौरंगासकट. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला खऱ्या लाकडी कमानी बसवल्या आहेत. त्याही काही पेलत नाहीत. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. सुतारकामावर पोसलेली नजर दगडाकडे वळली की असे होते, इतकेच.

थडग्यांत भिंतीलगत दगडी पलंग असतात आणि ते दोन तऱ्हांचे. सर्वसाधारणपणे पुरुषाच्या पलंगाला कोरलेले पाय, तर स्त्रीच्या पलंगाला डोक्याशी आणि पायथ्याशी त्रिकोणी फळ्या, लहानशा घराच्या छपरासारख्या. दाराबाहेरच्या खुणाही तशाच. पुरुषासाठी दगडी खुंट, स्त्रीसाठी इवलेसे दगडी घर. यावरून ‘बाईची जागा घरात’ असा अर्थ कोणी काढील, तर त्याने आधी व्हिला जुलियातली दांपत्याची शवपेटी पाहावी. १८८१ मध्ये बांदिताच्चातच ती शेकडो तुकड्यांत सापडली. काळ साधारण इ.स.पू. ५२०. नवरा-बायको एकाच पलंगावर रेलून बसले आहेत, त्याचा हात तिच्या खांद्यावर, दोघेही समोरच्या कोणाशी तरी बोलत असल्यासारखे. ग्रीकांच्या मद्यमैफलीत गृहिणी बसत नसे. बसत त्या गणिका. चौथ्या शतकातल्या थिओपॉम्पस या ग्रीक इतिहासकाराने एट्रुस्कन स्त्रियांबद्दल जे लिहिले, की त्या परपुरुषांबरोबर जेवायला बसतात, दारू पितात, आणि मुलाचा बाप कोण हे न पाहता मुले वाढवतात, त्याचे मूळ मला या पलंगात दिसते. पंगतीत बायको दिसली, आणि पुढचे त्याने आपल्या गावच्या रिवाजावरून रचले. शेकडो वर्षे लोक ते इतिहास म्हणून वाचत राहिले. थडग्यांवरचे लेख काय सांगतात? स्त्रीला तिचे स्वतःचे नाव आहे: रामथा, लार्थिया, थान्खविल. रोमन मुलीला फक्त कुळाचे नाव मिळे. ज्युलियस कुळातली प्रत्येक मुलगी ज्युलियाच. एट्रुस्कन लेखांत कित्येकदा बापाबरोबर आईचेही नाव येते. ज्यांना आईचे नाव दगडावर खोदावेसे वाटले, त्यांना बाप कोण हे ठाऊक नव्हते, हे मला पटत नाही.

त्यांनी स्वतः लिहिलेले काय उरले? मुख्यतः असेच त्रोटक लेख. सर्वांत लांब मजकूर सापडला तोही नवलाने. १८४८ मध्ये एका क्रोएशियन गृहस्थाने अलेक्झांड्रियात एक इजिप्शियन ममी विकत घेतली. तिला गुंडाळलेल्या पट्ट्या म्हणजे फाडलेले एट्रुस्कन तागाचे पुस्तक निघाले. सुमारे १२०० शब्द वाचता येतात. विषय कोणत्या दिवशी कोणत्या देवाला काय अर्पण करायचे हा. ते आता झाग्रेबच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. सम्राट क्लॉडियसने एट्रुस्कनांचा इतिहास वीस खंडांत लिहिला होता, ग्रीक भाषेत. त्यातला एकही खंड उरला नाही.

आणि जे जमिनीखाली सुरक्षित होते त्याचे काय झाले, तेही सांगायला हवे. १८४८ मध्येच जॉर्ज डेनिस या इंग्रजाचे एट्रुरियातील नगरे आणि दफनभूमींवरचे पुस्तक निघाले. वुल्चीला नेपोलियनच्या भावाच्या विधवेच्या जमिनीवर खोदकाम चालू असताना तो हजर होता. रंगीत ग्रीक भांडी बाजूला काढत आणि साधी काळी भांडी जागच्या जागी पायांखाली चिरडत. बाजारात माल वाढून भाव उतरू नये म्हणून. डेनिसने एखादे तरी वाचवायला विनवले. हुकूम नाही, असे उत्तर मिळाले. रोजच्या वापरातली भांडी होती ती. स्वयंपाकघराचा इतिहास त्यांत होता.

चेर्वेतेरीत मी सर्वांत शेवटी उठावशिल्पांच्या थडग्याकडे गेलो. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले, मातुना नावाच्या कुटुंबाचे. आत जाऊ देत नाहीत, लांब जिना उतरून काचेतून पाहावे लागते. खांबांवर गिलाव्यात उठवून रंगवलेले अख्खे घर टांगले आहे: सुऱ्या, दोराचे वेटोळे, कुऱ्हाड, भांडी, खेळाचा पट. कोनाड्यांत उशा. मधल्या कोनाड्यात पलंग, त्याच्याजवळ पायपुसण्याएवढ्या चौरंगावर सपातांचा जोड, आणि शेजारी एक पेटी. पेटीवर घडी घातलेले काहीतरी आहे. टॉवेल समजून मी पुढे सरकणार होतो. मग आठवले, अभ्यासक त्याला तागाचे पुस्तक मानतात, झाग्रेबला आहे तशा जातीचे. काचेला नाक लावून पुन्हा पाहिले. घड्या नीट कोरल्या आहेत, कडा सरळ आहेत. पुस्तक मिटलेले आहे. मागे एक शाळकरी मुलांचा घोळका खाली उतरत होता, म्हणून मी जागा मोकळी करून दिली.