जपानी पंतोजी आणि हवाईचे विद्यापीठ

स्नेहसंमेलनाचे नाटक बसवण्याचे काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला नाटकही येत असलेच पाहिजे, अशी आमच्या हेडमास्तरांची ठाम समजूत आहे. त्या निमित्ताने नाटकांची पुस्तके धुंडाळताना एकदा एका जपानी नाटकाची गाठ पडली आणि ते काही केल्या मनातून जाईना. कारण त्यातला एक पंतोजी! माझ्यासारखाच खेड्यातल्या पोरांना अक्षर गिरवायला लावणारा.

सुगावारा मिचिझाने हा जपानचा जुना विद्वान मंत्री. हद्दपारीत ९०३ साली वारला आणि पुढे लोकांनी त्याला विद्येचा देव केले. परीक्षा जवळ आली की जपानी मुले आजही त्याच्या देवळात जाऊन हात जोडतात. त्याच्या कथेवरचे हे नाटक १७४६ मध्ये ओसाका येथे कळसूत्री बाहुल्यांसाठी लिहिले गेले आणि लौकरच काबुकीच्या नटांनी ते उचलले. त्यातला ‘तेराकोया’, म्हणजे गावची शाळा, हा प्रवेश सर्वांत गाजलेला.

पंतोजी गेन्झो याने हद्दपार मंत्र्याच्या मुलाला आपल्या विद्यार्थ्यांत लपवले आहे. शत्रूचा हुकूम येतो : त्या पोराचे शिर हजर करा. त्याच दिवशी एक आई आपल्या मुलाला शाळेत घालून जाते. पोर देखणे, खानदानी. गेन्झो मन घट्ट करून त्याचाच बळी देतो. शिर ओळखायला शत्रूच्या चाकरीतला मात्सुओमारु येतो, पेटीचे झाकण उचलतो आणि म्हणतो, हेच ते शिर. शत्रूची माणसे निघून गेल्यावर कळते, की ते शिर मात्सुओमारुच्या स्वतःच्या मुलाचे होते. जुन्या धन्याचे ऋण फेडण्यासाठी त्यानेच त्याला मरायला शाळेत धाडले होते. पोर कसे मेले, असे बाप विचारतो. हसत मान पुढे केली, असे पंतोजी सांगतो.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना एकेका नावापाशी जीभ अडखळू लागली.

१९४५ मध्ये जपान शरण आला आणि अमेरिकन लष्कराचा अंमल सुरू झाला. धन्यासाठी मरणे, सूड, आत्महत्या, या सरंजामी कल्पनांनीच देशाला युद्धाकडे लोटले, असे नव्या राज्यकर्त्यांचे मत. त्यामुळे नाटकांच्या संहिता सेन्सॉरच्या टेबलावर गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात टोकियोत चालू असलेला ‘तेराकोया’चा प्रयोग थांबवण्यात आला. सत्तेचाळीस निष्ठावंतांच्या सूडाचे ‘चुशिंगुरा’ हे नाटकही बंद झाले. आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये इंग्रज सरकारची गदा आली, ती याच जातीची.

मात्र न्यायाने बोलायचे तर अमेरिकन साहेबाची भीती अगदीच पोकळ नव्हती. स्वामिनिष्ठेसाठी पोटचे पोर मारणारा बाप कागदावर वाचला की अंगावर काटा येतो. प्रश्न एवढाच, की असे नाटक नुसते वाचून समजते का?

या सेन्सॉर कचेरीत काम केलेल्यांपैकी एक होते अर्ल अर्न्स्ट. टेबलावरच्या संहितांवर निकाल देता देता या माणसाला काबुकीचा लळा लागला. काबुकीला एकट्या फोबियन बॉवर्स या अमेरिकन अधिकाऱ्याने वाचवले, अशी एक कथा पुढे जगभर रूढ झाली. जेम्स ब्रँडन या अभ्यासकाने २००६ मध्ये जुनी दप्तरे तपासून दाखवले, की श्रेय एकाचे नव्हते. जपानी नाट्यसंस्थेने आणि नटांनी चिकाटी धरली, कचेरीतल्या इतरांनीही हात सैल सोडला. नोव्हेंबर १९४७ मध्ये ‘चुशिंगुरा’ पुन्हा टोकियोच्या रंगमंचावर आले.

अर्न्स्ट पुढे होनोलुलूला, हवाई विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करू लागले. १९५६ मध्ये त्यांचा काबुकीवरचा ग्रंथ निघाला. १९५९ मध्ये त्यांनी तीन जपानी नाटके इंग्रजीत प्रसिद्ध केली आणि त्यांत एक होते सुगावारा घराण्याचे! ज्या नाटकावर एके काळी त्या यंत्रणेचा हात पडला होता, तेच त्यांनी परक्या वाचकांपुढे मानाने ठेवले.

ते ग्रंथावर थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्यांनी ‘बेंतेन कोझो’ हे चोरांचे रंगतदार नाटक विद्यार्थ्यांकडून इंग्रजीत करवून घेतले. हवाईची भूमी त्याला अनुकूल होती आणि दुखावलेलीही होती. १८८५ पासून जपानी मजूर तिथे उसाच्या मळ्यांत राबायला आले. १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि जपानी भाषेच्या शाळांना कुलपे लागली. आजोबांची भाषा बोलणेही नातवंडांना जोखमीचे वाटू लागले. अशा ठिकाणी विद्यापीठाने काबुकीला रंगमंच दिला, ही साधी गोष्ट नव्हे.

काबुकी शिकणे म्हणजे संवाद घोकणे नव्हे. चालण्यापासून सुरुवात. प्रेक्षकांतून रंगमंचाकडे जाणारी एक वाट असते, तिला ‘हानामिची’ म्हणजे फुलवाट म्हणतात. तिच्यावरून कसे यायचे, कुठे थबकायचे, हे सारे ठरलेले. भावना शिगेला पोचली की नट डोळे रोखून एका आकृतीत गोठतो, त्याला ‘मिए’ म्हणतात. त्या क्षणी कडेला बसलेला माणूस फळीवर लाकडी ठोकळे आपटतो. संवादांना सात-पाच अक्षरांची लय, ती इंग्रजीत उतरवायची म्हणजे भाषांतरकाराची कसोटीच. जपानात स्त्रीभूमिका पुरुषच करतात. बालगंधर्वांचे नाव काढताच डोळे मिटणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. हवाईत मात्र मुलीही उभ्या राहिल्या.

ब्रँडन १९६८ पासून तिथेच शिकवू लागले. १९७८-७९ मध्ये नाकामुरा मातागोरो हे नामांकित काबुकी नट जपानहून आले आणि त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांनी ‘चुशिंगुरा’ बसवले. मग चीनची पाळी. १९८५ मध्ये एलिझाबेथ विचमन यांनी पेकिंगचे संगीत नाटक इंग्रजीत उभे केले. नाटक मेई लानफांग या थोर नटाचे आणि शिकवायला त्यांच्याच शिष्या शेन शियाओमेई. दुसऱ्या वर्षी ही पोरे तेच नाटक घेऊन थेट चीनमध्ये गेली. पंढरपुरात जाऊन परक्या भाषेत अभंग म्हणून दाखवावा, तसे हे धाडस!

शंका मलाही येते. काबुकीच्या घराण्यात पाच-सहा वर्षांचे पोर रंगमंचावर उभे राहते आणि म्हातारपणी म्हणते, की आता कुठे समजू लागले. ते कॉलेजच्या पोराला एका वर्षात कसे यावे? येत नाहीच. शिवाय भाषा बदलली की नादही बदलतो. परंतु त्या वर्षात विद्यार्थी नटसम्राट होत नसला, तरी आपल्याला काय येत नाही हे त्याच्या गुडघ्यांना आणि गळ्याला कळते. ते कळल्यावर दुसऱ्याच्या परंपरेला तो सहसा हसत नाही.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, विद्यापीठाची पायरी चढलो नाही. तरीही गेल्या संमेलनाच्या वेळी हे थोडे अनुभवले. ‘तेराकोया’तला शिर ओळखण्याचा प्रवेश मराठीत आणून, रिकामी पेटी ठेवून, मी वरच्या वर्गातल्या पोरांना नुसता करून पाहायला लावला. मात्सुओमारु झालेला मुलगा एरवी वर्गात सर्वांत व्रात्य. वाचनाच्या वेळी तो खिदळत होता, “सर, हा बाप वेडा आहे का?” असे विचारत होता. पेटीचे झाकण उचलताना मात्र त्याचा हात थांबला. वाक्य पाठ होते, पण तोंडातून फुटेना.

तालीम संपल्यावर तो जवळ आला. म्हणाला, “सर, त्याला ते म्हणायचंच नव्हतं.”

तो प्रवेश आम्ही संमेलनात केला नाही. पालकांना रुचला नसता. पण त्या पोराला जे उमगले, ते सेन्सॉरच्या टेबलावर उमगणारे नव्हते.