अठ्ठावन्न गाडगी

यंदा हरसूलच्या घरी दिवाळीची आवराआवर चालली असता माळ्यावरच्या ट्रंकेतून एक हिरवी पाटी निघाली. एका कडेला सोनेरी दात, पाठीवर काळे चौकोनी तुकडे. "काका, हा रेडिओचा भाग का?" पुतण्याने विचारले. मी म्हटले, "नव्हे रे, हे जुन्या संगणकाचे टपाल कार्यालय!" मात्र नुसत्या कार्यालयाने टपाल चालत नाही, आत मास्तर लागतो. येथला मास्तर म्हणजे 'ड्रायव्हर' नावाचा चिमुकला प्रोग्राम.

१९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी एकाच तारेवर अनेक संगणक जोडण्याचा घाट घातला. शास्त्रज्ञांनी कधीच मोडीत काढलेल्या 'ईथर'चे नाव त्यांनी त्या तारेला दिले. तारेवर आधी कानोसा घ्यावयाचा, मग बोलावयाचे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही गप्प होऊन कमीजास्त वेळ थांबावयाचे. सोळा वेळा असे फसले, की तो निरोप सोडून द्यावयाचा. आपल्याकडे १९८६ साली 'अर्नेट'चा प्रकल्प सुरू झाला, आणि १९८७ मध्ये मुंबईत जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर संस्था व पवईची आय. आय. टी. यांच्यात टेलिफोनवरून संगणकाची पत्रे जाऊ लागली.

आमची पाटी 'एनई-२०००' या घराण्यातली. तिच्यात सोळा किलोबाइट स्मृती; तिचे २५६ बाइटांचे चौसष्ट कप्पे. सहा कप्पे बहुधा जाणाऱ्या पत्रासाठी, उरलेले अठ्ठावन्न येणाऱ्यांसाठी. हे अठ्ठावन्न म्हणजे थेट रहाटगाडगे! तारेवरून पत्र आले, की पाटी ते पुढच्या गाडग्यांत ओतते आणि संगणकाला हाक मारते. हातातले काम टाकून ड्रायव्हर धावतो, गाडगी रिकामी करतो, कोठवर रिकामी केली त्याची खूण पाटीवर ठेवतो. मोठ्या पत्राला सहा गाडगी लागतात. म्हणजे नऊ पत्रांत रहाट भरला. तार भरभरून वाहत असेल, तर त्याला सेकंदाचा शंभरावा हिस्सा पुरतो.

मास्तराला उशीर झाला तर? खरी कसोटी येथेच. रहाट तुडुंब भरला, की नवी पत्रे वाऱ्यावर जातात. घाईने पुन्हा सुरू करावे, तर पाटी मुकी होऊन बसण्याची भीती. म्हणून ड्रायव्हर तिला आधी थांबवतो आणि १.६ मिलिसेकंद स्वस्थ बसतो; कारण बाहेर निघालेले एखादे लांब पत्र तारेवर अर्ध्यात असू शकते. नंतर तो तिला तारेपासून तोडून स्वतःशीच बोलत ठेवतो, साचलेले उपसतो, अन् मगच तारेला जोडतो. अर्धवट तुटलेले पत्र आठवणीने पुन्हा धाडतो. गळालेल्या पत्रांबद्दल मात्र तो पाठवणाऱ्याला अवाक्षर कळवत नाही! पोच आली नाही हे वरच्या मजल्यावरच्या प्रोग्रामांनी ओळखावे आणि पत्र पुन्हा धाडावे. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते.

पुढे या पाटीच्या स्वस्त नकलांचे पीक आले. १९९२ ते ९४ या काळात डोनाल्ड बेकर यांनी लिनक्ससाठी हिचा ड्रायव्हर लिहिला. त्यात बिघडलेल्या नकलांची एक यादीच आहे. खोट्या नाण्यालाही चालवून घेण्याची ही सोशिकता नसती, तर कित्येक गरीब प्रयोगशाळा तारेबाहेरच राहिल्या असत्या.

"मग लावू या का ही?" पुतण्या म्हणाला. त्याच्या संगणकात हे सोनेरी दात बसतील अशी खाचच नाही. पाटी पुसून मी पुन्हा ट्रंकेत ठेवली.