पडद्यावरील वेलांटी

मुलांकडून 'कि' गिरवून घेतांना मी सांगत असें कीं, उच्चारांत 'क' आधीं आणि इकार मागून. पण वेलांटी उभी राहते ती 'क'च्या डावीकडे. मुलें हें दोन दिवसांत शिकत. संगणकास मात्र शिकावयास पुष्कळ वर्षें लागलीं, आणि त्या शिकण्याला वेगाचा प्रश्न कसा आडवा आला, तें आज सांगावयाचें आहे.

संगणकांत अक्षर वक्ररेषांच्या आराखड्यानें सांठविलेलें असतें. त्या रेषांचे ठिपके करून तें पडद्यावर उमटविणें हें वेळखाऊ काम. म्हणून एकदां काढलेलें अक्षर राखून पुन्हा वापरतात. छापखान्यांतील जुळारी दर वेळीं नवा खिळा ओतीत नाहीं, केसमधला उचलतो, तसेंच हें. लिनक्सवरील एक्स विंडो व्यवस्थेंत गुळगुळीत कडांच्या अक्षरांसाठीं ही सोय कीथ पॅकार्ड यांनीं २००० सालच्या सुमारास केली. इंग्रजीचें तेवढ्यावर भागलें. लहानमोठीं मिळून अक्षरें ५२.

नागरीचें तसें नाहीं. खिळा उचलण्यापूर्वीं विचार करावा लागतो: क् आणि ष भेटले तर क्ष, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, वेलांटी डावीकडे. हा विचार विंडोज २००० मध्यें 'युनिस्क्राइब' करूं लागलें, आणि लिनक्सवर २००२ सालच्या जीटीके २.० मध्यें 'पँगो'. मराठी नीट दिसूं लागली. परंतु पँगो प्रत्येक शब्दाची चौकशी करी, इंग्रजी शब्दाचीहि. पडदा मंदावला.

लिनक्सवरील फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांत पँगो बंद ठेवण्याची सोय होती. ती बंद केली कीं वेग येई. पण मराठी पान उघडावें तर वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले! एकाचा क्षण वांचावा म्हणून दुसऱ्याचें अक्षर मोडावें, हें मला रुचत नाहीं. मात्र त्या लोकांची तक्रार खोटी होती, असेंहि म्हणवत नाहीं.

वाट निघाली ती छापखान्याचीच. २००८ सालच्या फायरफॉक्स ३ नें जुळविलेला सबंध शब्दच राखून ठेवण्यास आरंभ केला. 'आणि' एकदां जुळला कीं पुढें दर वेळीं आयता. नंतर जुळणीचें काम बेहदाद एस्फाहबोद यांच्या 'हार्फबझ'कडे आलें. आज तेंच फायरफॉक्स, क्रोम व अँड्रॉइड यांत आहे. नांव फारसी वळणाचें; त्यांतील 'हर्फ' म्हणजे अक्षर. आपल्या मराठींत तो 'हरफ' होऊन फार पूर्वींच आलेला आहे.